चित्रबलाकाचे चित्र

इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारात चिंचेची झाडे आहेत. विणीच्या हंगामात त्यांच्या शेंड्यांवर चित्रबलाकांची वसाहत भरते. खाली उतारे, दाखले आणि अर्ज हातात घेतलेल्या माणसांची ये-जा चालू असते आणि वर काटक्यांच्या घरट्यांत पिल्ले अन्नासाठी कलकलाट करत असतात. पक्ष्यांची रेखाटने करणाऱ्या चित्रकाराला अशी जागा सहसा मिळत नाही. एरवी मोठा पाणपक्षी जवळून पाहायचा म्हणजे चिखल, दुर्बीण आणि तासन्‌तास थांबणे आले. इथे तो माणसांच्या गजबजाटाला सरावलेला आहे. झाडापासून थोडे अंतर ठेवून, वही उघडून उभे राहिले की काम सुरू करता येते. अगदी झाडाखाली मात्र उभे राहू नये, कारण विष्ठेचा सडा तिथे सतत पडत असतो.

या कामाचे सामान थोडे असते. हाताच्या पंजापेक्षा जरा मोठी, कडक पुठ्ठ्याची वही, 2बी आणि 4बी पेन्सिली, पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे एक पेन आणि लहान डबीत बसवलेले सात-आठ जलरंग. खोडरबर असतो, पण पहिल्या तासाभरात तो वापरायचा नाही असा बहुतेकांचा शिरस्ता आहे. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ ओढायची. दोन्ही रेघा दिसत राहिल्या की डोळा कुठे फसला तेही वहीत नोंदले जाते.

पहिल्या पानावर पक्षी दिसतच नाही. तिथे वीस-पंचवीस आकार असतात, एकेक सुपारीएवढा, प्रत्येक अर्ध्या मिनिटात उरकलेला. चित्रबलाक उभा असताना त्याचे अंग म्हणजे तिरके धरलेले अंडे, त्यावर मानेचा वळसा, पुढे लांब चोच आणि खाली दोन काठ्या. या टप्प्यावर पिसे काढण्याचा मोह आवरावा लागतो. पक्ष्याचे वजन नेमके कुठे पेलले आहे, एवढेच पाहायचे असते. एका पायावर उभ्या असलेल्या बलाकाचा पाऊल टेकलेला बिंदू त्याच्या अंगाच्या मध्याखाली आला नाही, तर चित्रातला पक्षी पडतो. मग त्यावर कितीही सुंदर रंग चढवला तरी तो सावरत नाही.

पायांच्या बाबतीत नवशिक्याची चूक ठरलेली असते. लांब पायांच्या पक्ष्याचा मध्यावरचा सांधा मागे वाकतो, त्यामुळे तो उलटा गुडघा वाटतो. खरे तर तो घोटा आहे. गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत झाकलेला असतो. हे एकदा ध्यानात आले की घरट्यात बसणाऱ्या पक्ष्याच्या पायांची घडी नीट उलगडते. सांगाडा ठाऊक असलेला चित्रकार पिसांखाली न दिसणारे सांधेही हलक्या रेघेने मांडतो आणि नंतर त्यांवर पिसांचे आवरण चढवतो. या खटाटोपाला पर्याय नाही. छायाचित्र समोर ठेवून गिरवलेला पक्षी आणि सांधे समजून काढलेला पक्षी यांतला फरक पाहणाऱ्याला शब्दांत सांगता आला नाही तरी जाणवतो.

नंतर तपशिलाची पाने येतात. चित्रबलाकाची पिवळी चोच टोकाशी किंचित खाली वळलेली असते. डोक्यावर पिसे नसतात. तिथली उघडी कातडी नारिंगी-तांबडी असते आणि विणीच्या काळात तिचा रंग अधिक गडद होतो. छातीवर काळा पट्टा असतो. पण तो सलग काळा नसून प्रत्येक काळ्या पिसाला पांढरी किनार असल्याने खवल्यांसारखा दिसतो. पंखांच्या काळ्या पिसांवर हिरवट झाक असते. शेपटीवर झुकलेली गुलाबी पिसे पाहूनच या पक्ष्याला रंगवलेला म्हणावेसे वाटते, आणि त्याच्या नावातले ‘चित्र’ही तेच सांगते. गंमत अशी की ही गुलाबी पिसे शेपटीची नसतात. ती पंखाच्या अंगालगतच्या भागातली असून पंख मिटले की शेपटीवर येऊन पडतात. ती शेपटीतून उगवलेली दाखवली, तर उडत्या पक्ष्याच्या चित्रात गुलाबी रंग कुठे ठेवायचा हेच कळेनासे होते.

पायांचा रंग पुस्तकात गुलाबी लिहिलेला असतो. झाडावरच्या पक्ष्याचे पाय मात्र पुष्कळदा पांढरट दिसतात. उन्हाच्या वेळी बलाक आपल्याच पायांवर विष्ठा सोडतो. तिच्यातले पाणी वाफ होऊन उडाले की पाय थंड होतात आणि मागे चुन्यासारखा लेप उरतो. म्हणून दुपारी केलेल्या अभ्यासचित्रात पाय पांढरे असणेच खरे. उन्हाचा आणखी एक पुरावा घरट्यात मिळतो. मोठा पक्षी सूर्याकडे पाठ करतो, पंख अर्धे उघडतो आणि पिल्लांवर सावली धरतो. या पवित्र्यात पंखाचा सांगाडा, पिसांच्या रांगा आणि पारदर्शक कडांतून झिरपणारा उजेड हे सगळे एकदम पाहायला मिळते. रेखाटनासाठी याहून चांगला प्रसंग दिवसभरात दुसरा येत नाही. पक्षी बराच वेळ तसाच उभा राहतो, त्यामुळे हातालाही घाई नसते.

पुणे परिसरात प्राणी समोर ठेवून चित्र काढण्याची परंपरा निदान पेशवाईच्या उत्तरार्धापर्यंत मागे नेता येते. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने 1790च्या सुमारास पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातल्या गेंड्याचे चित्र काढले. वेरूळ आणि कार्ले इथल्या लेण्यांची रेखाटनेही त्याने केली. स्कॉटलंडहून आलेला चित्रकार जेम्स वेल्स याच्याबरोबर त्याने काम केले. तांबटाची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जपलेली आहेत. त्याच्याही आधी जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने सायबेरियन क्रौंचाचे जे चित्र काढले, ते आजही पक्षिचित्रणाचा आदर्श मानले जाते. या दोघांच्या हाती कॅमेरा नव्हता. आताच्या चित्रकाराच्या खिशात तो असतो, तरीही त्याला झाडासमोर उभे राहावेच लागते. कॅमेरा एका क्षणातले सगळे सारख्याच निष्ठेने टिपतो. त्यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे याची निवड रेघ ओढतानाच होते.

इंदापूर तालुक्यातच भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवरही चित्रबलाक घरटी करतात. त्यांचे अन्न येते ते मुख्यतः उजनीच्या फुगवट्यातून. भीमेवरचे हे धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे 117 टीएमसी आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठा आहे. पाणी उतरू लागले की कुंभारगाव, डिकसळ, भिगवण या पट्ट्यात उथळ, गाळाचे विस्तीर्ण काठ उघडे पडतात आणि पाणपक्ष्यांची पंगत बसते. चित्रबलाक तिथे अर्धी उघडी चोच पाण्यात घालून डावीकडून उजवीकडे फिरवत चालतो. मासा चोचीला लागताच ती मिटते. डोळ्यापेक्षा स्पर्शावर चालणारी ही शिकार आहे. रेखाटनात म्हणूनच मानेचा झुलता कंस महत्त्वाचा ठरतो, आणि एका पक्ष्याची चार-पाच ओझरती रेखाटने शेजारी शेजारी मांडली की ती हालचाल पानावर दिसू लागते.

कुंभारगावचे मच्छीमार आपल्या होड्यांतून पाहुण्यांना रोहित पक्ष्यांच्या थव्याजवळ नेतात. होडीत बसून चित्र काढणे फार अवघड. कागद हलतो, पाणी चकाकते आणि थवा लांबवर एका फिकट रेषेसारखा दिसतो. तिथे पेन्सिल बाजूला ठेवून थेट ब्रश घेणे सोयीचे असते. पाण्याचा फिका वॉश कागदावर पसरायचा आणि तो पुरता वाळण्याआधी त्यात गुलाबीचे थेंब सोडायचे. कडा आपोआप मऊ होतात, आणि दुपारच्या तापलेल्या हवेत दूरचे पक्षी डोळ्यालाही तसेच विरघळलेले दिसतात. उभा रोहित जवळजवळ पांढरा असतो. तो उडाला की पंखांतली लाल आणि काळी पिसे एकदम उघडतात. अग्निपंख हे त्याचे दुसरे नाव त्या क्षणावरून पडले आहे. तो क्षण दोन सेकंदांचा असतो. पाहून, डोळे मिटून, आठवणीतून काढणे एवढेच त्या वेळी शक्य असते.

उजनीचे पाणी दर आठवड्याला बदलते, म्हणून तारीख आणि वेळ घातल्याशिवाय इथले रेखाटन पुरे होत नाही. 2024च्या उन्हाळ्यात धरण उणे पातळीत खोल गेले, म्हणजे साठा मृत पातळीच्याही बराच खाली उतरला. अशा वर्षी भीमेच्या पात्रातले पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याबाहेर येते. आधी शिखर दिसते, मग भिंती आणि मग भोवतीचा चिखल. ते पेनानेच काढावे. दगडाला ठाम रेघ लागते, आणि कोणत्या दिवशी पाणी कुठवर होते हे सांगणारी आडवी रेघही त्याच शाईत ओढता येते.

हलत्या गोष्टी टिपण्याचा सराव वारीत होतो. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढे निघाली की काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्यापुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला अश्वाचे गोल रिंगण होते. धावत्या मेंढ्यांच्या कळपात एकेक मेंढी मोजत बसणे व्यर्थ असते. कळपाची बाहेरची कड एका सलग रेघेत घ्यायची आणि आत चार-सहा ठिकाणी पाठीचा उंचवटा, मान आणि खुरांचा गुंता दाखवायचा. बाकीच्या मेंढ्या पाहणाऱ्याचा डोळा स्वतःच भरून घेतो. रिंगणातल्या घोड्याच्या रेघेचा आरंभ पुठ्ठ्यापासून करावा. धावेचा जोर तिथून निघतो, आणि ती एक रेघ साधली की पुढचे पाय जरा चुकले तरी घोडा धावतो. आषाढातली हवा दमट असल्याने तिथे रंग लवकर वाळत नाही. चैत्रात उजनीच्या काठावर मात्र वॉश पसरेपर्यंत त्याची कड वाळून जाते. हाताचा वेग ऋतूप्रमाणे बदलावा लागतो.

घरी परतल्यावरचे काम शांतपणे चालते. वहीतली सगळी पाने समोर मांडून त्यांतून एक प्रसंग निवडला जातो. समजा, पिल्लांवर सावली धरणारा चित्रबलाक. त्याचे आगपेटीएवढे पाच-सहा कच्चे आराखडे काढले जातात. उजेडाची बाजू, झाडाची फांदी कुठून आत यावी, रिकामी जागा किती सोडावी हे तिथेच ठरते. निवडलेला आराखडा मोठा करून 300 जीएसएमच्या खरखरीत जलरंग कागदावर हलक्या रेघेने उतरवला जातो. जलरंगात पांढरा रंग बाहेरून आणत नाहीत. कागदच पांढरा असतो आणि तो राखावा लागतो. पक्ष्याची पाठ, छातीवरच्या पिसांच्या किनारी, चोचीवरची चमक या जागा आधी सोडूनच वॉश घालायचा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा रंग मिळतो, तो पांढऱ्या पिसांच्या सावलीला पुरेसा असतो. तयार काळा रंग तिथे घातला की पक्षी मळका वाटतो. पहिला थर पूर्ण वाळल्यावर दुसरा येतो, आणि गुलाबी सर्वांत शेवटी. काही पारंपरिक किरमिजी रंग उजेडात विटतात, म्हणून टिकाऊ गुलाबी निवडणे हा चित्रकाराचा पुढच्या पाहणाऱ्याशी केलेला करार आहे.

इथे वहीची खरी कसोटी लागते. अभ्यासचित्राशेजारी ‘दुपारी दीड, पाय पांढरे, डाव्या पंखातून उजेड’ अशी नोंद असेल तर शंका मिटते. नोंद नसेल तर चित्रकार पुस्तकातल्या पक्ष्याकडे वळतो आणि त्या विशिष्ट झाडावरचा, त्या विशिष्ट दुपारचा पक्षी हातून निसटतो. अशा वेळी अंदाजाने रंग भरण्यापेक्षा पुन्हा इंदापूर गाठावे.

चित्र छपाईला जायचे असेल तर ते 300 डीपीआयवर स्कॅन करतात. छपाईच्या चार शायांत जलरंगातला कोवळा गुलाबी हमखास मंद होतो, त्यामुळे प्रूफ मूळ चित्राशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवून पाहावे लागते. मुंबईत 1945 साली ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू करणाऱ्या चित्रकार दीनानाथ दलालांच्या पिढीपासून मराठी मासिकांतल्या चित्रांची ही शेवटची पायरी कुणाला चुकलेली नाही. प्रूफ मान्य झाले की मूळ चित्र आम्लरहित कागदात गुंडाळून सपाट ठेवले जाते. वही मात्र टेबलावरच राहते, कारण तिची मागची पाने अजून कोरी असतात.