सुईच्या टोकावरचे यकृत

परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला मुंबईकर अजून बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच, १८८६ पासूनचे. मीरा-भाईंदरहून पोट फुगलेला म्हातारा कुत्रा तिथवर न्यायचा म्हणजे अख्खा दिवस मोडतो. काचपट्टी मात्र खिशातून जाते.

सोनोग्राफीत यकृतावर गाठ दिसली की, रक्त नीट गोठते ना हे पाहून, बारीक सुई गाठीत घालतात. निघालेला थेंबभर ऐवज काचेवर पसरून वाऱ्यावर सुकवतात आणि गिम्सासारख्या रंगाने रंगवतात. (न रंगवलेली काच फॉर्मॅलिनच्या बाटलीसोबत एका पिशवीत ठेवू नये, नुसत्या वाफेनेही पुढे रंग नीट चढत नाही.)

लिम्फोमा असेल तर मोठ्या, गोल पेशींची गर्दी चटकन ओळखू येते. दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोगही बरेचदा कळतो. पंचाईत होते ती यकृतपेशींच्या स्वतःच्या कर्करोगाची. त्या पेशी पुष्कळदा निरोगी पेशींसारख्याच दिसतात, आणि म्हाताऱ्या कुत्र्यांच्या यकृतात निरुपद्रवी गाठी तर सर्रास असतात. फरक असतो पेशींच्या मांडणीत, आणि सुई नेमकी तीच मोडते. भिंत पाडून विटा तपासाव्यात, तसे. म्हणून ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ या अहवालाचा अर्थ ‘कर्करोग नाही’ असा कुणी घेऊ नये. पुढे तुकडा काढून तपासणे आलेच. ते टाळण्यात नुकसान आहे, कारण यकृताच्या एकाच खंडात वाढलेली मोठी गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण निघाली, तर कुत्रा त्यानंतर अनेकदा काही वर्षे जगतो.