वैमानिक व्हावयाचें आहे. वाट कोणती धरावी?

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी वेळापुरास माझ्या घरीं आला. आतां तो ऊंस पिकवितो. थोडा वेळ घुटमळून म्हणाला, “गुरुजी, पोरीला पायलट व्हायचंय. दोन एकर विकूं का?” मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, विमानविद्येशीं माझा संबंध तो काय! परंतु प्रश्न जमिनीचा आणि मुलीच्या आयुष्याचा होता, म्हणून चौकशी केली. तिचें सार आपणांपुढें ठेवितों.

ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटा यांनीं १० फेब्रुवारी १९२९ रोजीं वैमानिकाचा परवाना मिळविला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं ते कराचीहून टपालाचें विमान घेऊन मुंबईस उतरले. आज प्रवासी विमानावर नोकरी करावयाची तर व्यापारी वैमानिकाचा परवाना लागतो. त्यास अठरा वर्षें पुरीं, बारावीस पदार्थविज्ञान व गणित, वैद्यकीय दाखला, लेखी परीक्षा आणि दोनशें तासांचें उड्डाण, अशा मुख्य अटी चालत आल्या आहेत.

तेथवर जाण्याच्या वाटा तीन. पहिली, देशांतील उड्डाणशाळेची. आमच्या शेजारीं बारामतीस, तसेंच गोंदियास अशा शाळा आहेत. उत्तर प्रदेशांत फुरसतगंज येथें सरकारी अकादमी आहे. खर्च पन्नास लाखांच्या घरांत जातो, आणि पावसाळ्यांत विमानें जमिनीवर राहिल्यानें मुदत लांबते. दुसरी वाट परदेशाची. जेथें हवा मोकळी व विमानें मुबलक, तेथें तास लवकर भरतात. परंतु परत आल्यावर येथील परीक्षा देऊन परवाना बदलून घ्यावा लागतो. तिसरी वाट विमान कंपनीच्या कॅडेट योजनेची. येथें निवड आधीं व शिक्षण नंतर होतें, पुढें नोकरीचें आश्वासनही मिळतें. मात्र तें सशर्त असतें, आणि खर्च कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो.

पहिल्या दोन वाटांनीं जाणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परवाना लहान विमानावर मिळतो. एअरबस किंवा बोइंग चालविण्यास त्या त्या जातीच्या विमानाचें वेगळें शिक्षण लागतें, व त्याचा खर्चही बहुधा वेगळाच असतो.

मग निवड कशी करावी? माझ्या मतें, वाटेपेक्षां पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा. प्रथम वैद्यकीय तपासणी, द्वितीय वर्गाची व लगेच प्रथम वर्गाची, करून घ्यावी. चष्मा लागला म्हणजे सारें संपलें, ही समजूत खरी नव्हे. पण रंग ओळखण्यांत दोष निघाला तर तो पैसे भरण्यापूर्वीं कळलेला बरा. त्यानंतर हवाई नियम, हवामानशास्त्र, मार्गनिर्देशन या विषयांचा घरीं राहून अभ्यास करावा. ह्या परीक्षा उड्डाणाआधींही देतां येतात. त्यांस लागणारा खर्च तुलनेनें अल्प, आणि मुलाची चिकाटी किती, हें त्यांतच कळून येतें. ह्या दोन पायऱ्या ओलांडल्यावरच शाळा पाहावी. तेथें उडण्याजोगीं विमानें किती, शिक्षक किती, मागील विद्यार्थ्यांचे दोनशें तास किती महिन्यांत भरले, हें त्या विद्यार्थ्यांनाच विचारावें. सारी फी एकदम मागणाऱ्या ठिकाणीं सावध राहावें.

कंपन्यांचा भरंवसाही मर्यादितच. किंगफिशर २०१२ सालीं, जेट एअरवेज २०१९ सालीं आणि गो फर्स्ट २०२३ सालीं बंद पडली. आकाशांतून जमिनीवर आलेल्या कित्येक तरुणांच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. म्हणून ज्या वाटेवर प्रत्येक पायरीस थांबून, घर शाबूत ठेवून, मागें फिरतां येतें, तीच वाट सामान्य संसारी माणसाची. जो केवळ कर्जाच्या बळावर निघाला, त्यास मागें फिरावयास जागा उरत नाहीं.

हें सारें मी त्या विद्यार्थ्यास सांगितलें. त्याची जमीन तूर्त तशीच आहे. मुलीच्या दोन्ही तपासण्या निर्वेध पार पडल्या, आणि सध्यां ती हवामानशास्त्राचें पुस्तक घेऊन बसली आहे. परवां मला म्हणाली, “गुरुजी, ढगांचे इतके प्रकार असतात हें आम्हांला शाळेंत कुणी सांगितलंच नाहीं!” ती चूक माझीच, असें मीं कबूल केलें.