आठवड्याचे रात्रीचे जेवण आणि दुकानाचा गल्ला

धंदा बरा चालतो, गिऱ्हाईक येते-जाते, तरीही दुकानातला माल वर्षागणिक कमी होत जातो, ही तक्रार आपल्या छोट्या व्यापारी बंधूंकडून नेहमी ऐकू येते. कुणी मंदीला दोष देतो, कुणी मोठ्या दुकानांना, कुणी मोबाईलवरून माल मागविणाऱ्या गिऱ्हाइकांना. ही कारणे खोटी नाहीत. पण आणखी एक कारण असते आणि ते रोज असर व मगरिबच्या दरम्यान गल्ल्यातून बाहेर पडते. मुलगा दुकानावर येतो, अम्मीने दोनशे रुपये मागितले आहेत असे सांगतो, मालक गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच नोट काढून देतो. आता तर नोटही लागत नाही. मटणवाल्याच्या दुकानात फोन पुढे धरला की धंद्याच्या खात्यातून पैसे जातात आणि ते गेल्याचे डोळ्यांना दिसतही नाही.

याचा हिशेब मांडून पाहू. समजा एखाद्या बांगड्यांच्या किंवा कापडाच्या दुकानात रोजची विक्री २,००० रुपये आहे आणि मालावर शेकडा १५ सुटतात. म्हणजे ३०० रुपये. भाडे, वीज आणि किरकोळ खर्चाचे १०० गेले की उरले २००. आणि घरखर्चासाठी गल्ल्यातून निघतात ३५०. वरचे १५० रुपये नफ्यातले नाहीत, ते मालाचे पैसे आहेत. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३,९०० रुपये आणि वर्षाला ४६,८०० रुपये होतात. एवढ्या भांडवलाचा माल वर्षभरात कुटुंबाच्या पोटात गेला आणि मालकाला वाटते की मंदी आहे! गल्ल्यात दिवसभर नोटा दिसतात म्हणून हा घोटाळा लक्षात येत नाही. गल्ल्यातील २,००० रुपयांपैकी १,७०० रुपये मुळात घाऊक व्यापाऱ्याचे आहेत, हे दुकानदाराने मनात पक्के धरले पाहिजे.

घर आणि दुकान एकत्र चालविण्यात दुसरीही अडचण आहे. वर्ष पूर्ण झाले की विक्रीचा माल, रोकड आणि येणे यांची बेरीज करून, देणे वजा करून जकातीचा चाळिसावा भाग काढायचा असतो. ज्याला आपला माल किती आणि घरात किती गेले हेच ठाऊक नाही, तो जकात अंदाजाने काढतो. अंदाज कमी पडला तर हक्कदाराचे राहिले आणि जास्त झाला तर पुन्हा भांडवल तुटले. म्हणजे स्वयंपाकघराचे पैसे वेगळे काढणे हा केवळ काटकसरीचा प्रश्न नाही.

रात्रीचेच जेवण का, असे कुणी विचारील. सकाळचा चहा-पाव किंवा चपाती, दुपारचा डबा यांचा खर्च बहुतेक ठरलेला असतो. सारे कुटुंब एकत्र दस्तरखानावर बसते ते रात्री. गोश्त शिजते ते रात्री, पाहुणा येतो तोही रात्री, आणि खरेदी होते ती ऐन वेळी, मिळेल त्या भावाने. घराच्या खर्चात जो भाग मागेपुढे सरकवता येतो तो इथेच आहे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत एकूण खर्चापैकी खाण्यापिण्याचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के आणि शहरी भागात सुमारे ४० टक्के आढळला. देशाची ही सरासरी आहे. कमी कमाईच्या घरात हा वाटा याहून मोठाच असतो.

रक्कम कशी ठरवावी

महिन्याचे अंदाजपत्रक नोकरदाराला ठीक, कारण त्याचा पगार महिन्याला होतो. आपले कारागीर बंधू आठवड्याच्या हिशेबावर जगतात. मालेगावच्या यंत्रमागांवर मजुरी आठवड्याला मिळते, शुक्रवारी माग बंद असतात आणि त्याच दिवशी बाजारात गर्दी होते. जरीकाम करणारा, शिलाई करणारा, भिवंडीचा माग कामगार यांचेही थोड्याफार फरकाने असेच. म्हणून आठवडा हेच माप धरावे आणि तो जुम्यापासून जुमेरातपर्यंत धरावा.

व्यापाऱ्याने मागील तीन महिन्यांचे चोपडे पाहावे आणि सर्वांत वाईट आठवड्यात सर्व खर्च जाऊन काय उरले ते शोधावे. त्या आकड्यावर घर बसवावे, चांगल्या आठवड्याच्या आकड्यावर नव्हे. त्यातून घरभाडे, शाळा, औषध आणि हप्ता बाजूला काढला की उरते ती स्वयंपाकघराची रक्कम. तिच्यातील साधारण निम्मी रात्रीच्या जेवणाला धरून सुरुवात करावी, चार आठवडे लिहून ठेवावे आणि मग कमी-जास्त करावी. ही रक्कम एकदाच, शुक्रवारी, घरच्या कर्त्या बाईच्या हाती द्यावी. त्यानंतर गल्ल्याकडे मुलगा पाठविणे बंद. पैसे दिले की हिशेबही तिचाच. बुधवारी भाजीत मीठ-मिरचीशिवाय काही नाही म्हणून तिच्यावर आवाज चढविण्याआधी आपण किती दिले होते ते आठवावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कित्येक घरांत बीवी विड्या वळते, पिको-फॉल करते किंवा जरीचे काम करते. ती कमाई तिची आहे. घर चालविण्याची जबाबदारी शरीअतने पतीवर टाकली आहे. तिने खुशीने दिले तर ती तिची मेहेरबानी, पण अंदाजपत्रक मांडताना ते पैसे आपले समजून धरू नयेत.

शिधापत्रिकेचा विचारही याच वेळी करावा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. नाव असूनही रांगेत उभे राहण्याचा संकोच करणारी घरे आम्ही पाहतो. हा हक्क आहे, खैरात नव्हे.

सात रात्री

आता प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे वळू. नवरा-बायको, एक वृद्ध आई आणि तीन मुले, असे सहा माणसांचे घर धरू.

जुम्याच्या रात्री गोश्त हवेच, त्यावर आम्ही वाद घालणार नाही. परंतु सहा माणसांच्या सालनाला एक किलो लागते, तर दालचा केला की हाडासकट अर्धा किलो पुरते. पाव किलो चणाडाळ आणि दुधी भोपळा त्यात पडला की रस्सा दाटही होतो आणि भाताबरोबर सर्वांना पोटभर मिळतो. शनिवारी मुगाची किंवा मसुरीची खिचडी आणि चिंचेचा खट्टा. मराठवाड्यातील घरांना हे शिकवायला नको. रविवारी सव्वा किलोची आख्खी कोंबडी बटाटा घालून. फक्त तंगड्या किंवा बिनहाडाचे मांस मागितले की किलोमागे भाव वाढतो आणि अखनीला लागणारी मान-पाठ दुकानातच राहते. सोमवारी खडी मसूर आणि ज्वारीची भाकरी, सोबत मेथी किंवा जी पालेभाजी स्वस्त असेल ती. मंगळवारी पाव किलो खिमा, त्यात अर्धा किलो बटाटे किंवा हंगामात मटार. बुधवारी अंड्यांचे सालन. जुमेरातला, म्हणजे पैसे संपलेले असतात त्या रात्री, टोपलीत उरलेल्या सगळ्या भाज्यांची तहरी.

एवढ्याला पाच रात्रींच्या पोळी-भाकरीसाठी, जुम्याच्या भाताबरोबरच्या थोड्या पोळ्या धरून, सुमारे तीन किलो पीठ लागते. तीन रात्रींसाठी दीड किलोच्या आसपास तांदूळ, अर्धा-पाऊण किलो डाळी, अर्धा लिटर तेल आणि दोन-अडीच किलो कांदे लागतात. भाव गावोगावी वेगळे, म्हणून आम्ही येथे वजनेच दिली आहेत. आपल्या बाजारचे भाव आपणच पुढे लिहावेत आणि बेरीज ठरविलेल्या रकमेत बसते का ते पाहावे. बसत नसेल तर आधी मंगळवारचा खिमा काढावा, बुधवारची अंडी काढू नयेत.

गोश्त कमी केले तर मुलांना ताकद कुठून मिळणार, ही शंका घरोघरी घेतली जाते. पाव किलो मसुरीत सुमारे ६० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढीच मिळवायला दहा अंडी किंवा हाडाविना तीनशे ग्रॅम मांस लागते. तिन्हींचे भाव शेजारी शेजारी मांडून पाहावेत. डाळीबरोबर भात किंवा भाकरी असली की एकात जे कमी असते ते दुसऱ्यातून मिळते. हा विचार आपल्याला आता टाळता येणार नाही. मार्च २०१५ मध्ये राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि कष्टकऱ्यांच्या घरात वारंवार शिजणाऱ्या मोठ्याच्या गोश्ताची सोय आक्रसली. त्या जागी पुष्कळ घरांनी ब्रॉयलर कोंबडी आणली, काहींनी बकऱ्याचे मटण आणून उधारी वाढविली. डाळीने ती जागा जेवढी भरायला हवी होती तेवढी भरली नाही, असे आमचे मत आहे.

खरेदीची वेळ

ज्याच्याकडे फ्रीज नाही त्याने गोश्त त्या त्या दिवशीच घ्यावे, स्वस्त मिळाले म्हणून दोन दिवसांचे नको. शिजलेला भातही उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवून सकाळी खाऊ नये. पोट बिघडले की डॉक्टरच्या एका फेरीत आठवड्याची बचत जाते. डाळी, तेल, तिखट, हळद मात्र महिन्यातून एकदा घाऊक पेठेतून घ्यावी. दहा-दहा रुपयांच्या पुड्यांत वर्षभर मसाला घेणे म्हणजे कागदाचे पैसे देणे होय. ब्रँडच्या पिशवीचेही तेच. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पिशवीतील डाळ, तांदूळ, पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या धान्यावर नाही. सुटे घेताना वजनकाट्याकडे डोळा ठेवावा, एवढेच.

कांद्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या सालनाचा पाया तोच आणि भावाचा खेळही त्याच्यातच. पावसाळी लागणीचा लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच घ्यावा. मार्च ते मे दरम्यान निघणारा उन्हाळी कांदा मात्र हवेशीर जागी चार-पाच महिने राहतो. लासलगाव, मनमाड, येवल्याच्या परिसरातील लोक तो गोणीने भरून ठेवतात. ज्याला जागा आहे त्याने दोन-तीन शेजाऱ्यांत मिळून एक गोणी घ्यावी. टोमॅटोचे उलट. जुलै २०२३ मध्ये तो किलोला शंभराच्या कितीतरी वर गेला, तेव्हा चिंच आणि आमसुलावर स्वयंपाक करणाऱ्यांचे काही अडले नाही. तूरडाळ २०१५ च्या शेवटी दोनशेपर्यंत चढली होती, तेव्हाही मसूर आणि मुगाच्या घरांना झळ कमी लागली. मसूर लवकर शिजते, म्हणजे गॅसही वाचतो. चणे आणि चणाडाळ आधी भिजत घातल्याशिवाय चुलीवर चढवू नये.

कोकणातल्या आपल्या बांधवांना आठवडा वेगळा बसवावा लागेल. तिथे गोश्ताच्या जागी मासळी येते आणि जून-जुलैत मासेमारी बंद असली की ताजी मासळी महाग होते. तिथल्या जुन्या बायका मे महिन्यातच सुकट, बोंबील, सोडे भरून ठेवत. ती पद्धत मागासलेली समजून सोडणाऱ्यांनी ती पुन्हा धरावी.

किराणा खात्यावर आणणाऱ्यांसाठी दोन शब्द. खात्यावर व्याज लागत नाही हे खरे. पण ज्याच्याकडे बाकी आहे त्याच्याशी भाव करता येत नाही, निकृष्ट तांदूळ परत करता येत नाही आणि पलीकडच्या दुकानात जाताही येत नाही. आमच्या किराणा दुकानदार वाचकांनी यावर रागावू नये. बुडीत उधारीची चिंता त्यांनाही रात्री झोपू देत नाही. जुनी बाकी असेल तर ती दर शुक्रवारी ठरावीक रकमेने फेडावी आणि नवा माल रोखीने आणावा, म्हणजे दोन महिन्यांत दोघेही मोकळे होतात.

मागांवर दिवसपाळी-रात्रपाळी बदलत असते. रात्रपाळीचा माणूस मगरिबच्या आधी जेवून जातो आणि घर इशानंतर जेवते, तेव्हा दोनदा चूल पेटते. ज्या आठवड्यात रात्रपाळी असेल त्या आठवड्यात दालचा, खिचडी, तहरी असे एका पातेल्यात होणारे आणि पुन्हा गरम करता येणारे पदार्थ जास्त ठेवावेत.

आणि पाहुणा? त्याच्यासाठी घरात कायम अर्धा किलो चणाडाळ आणि सहा अंडी राखून ठेवावीत. त्यांना आठवड्याच्या हिशेबात धरू नये, खर्च झाली की पुढच्या शुक्रवारी भरून टाकावीत. जुमेरातला हाती जे उरेल, वीस रुपये का असेनात, ते वेगळ्या डब्यात टाकावे. शाबान लागला की डबा उघडावा, कारण रमजानमध्ये रात्रीच्या एका जेवणाची इफ्तार आणि सहेरी अशी दोन जेवणे होतात, खजूर, बेसन, तेल यांची मागणी एकदम वाढते, आणि ते सामान चांद दिसण्याच्या पंधरा दिवस आधी घेणाऱ्यालाच बरा भाव मिळतो.