गळ्यातून गळ्यात आलेला पाळणा

चैत्री पौर्णिमेची पहाट. पूर्व दिशा पुरती उजळलेलीही नसते, तोच नांदुऱ्याच्या मारुतिमंदिरांतून घंटानाद ऐकू येऊ लागतो. महामार्गालगतची ती १०५ फूट उंचीची शुभ्र हनुमंतमूर्ती पहाटेच्या धूसर प्रकाशात हळूहळू आकार घेत असते. रुईच्या पानांच्या माळा, तेल, शेंदूर यांची सिद्धता झालेली असते. कीर्तनकारबुवा जन्माख्यान अशा बेताने रंगवीत आणतात की सूर्यबिंब क्षितिजावर यावे आणि त्याच क्षणी अंजनीसुताचा जन्म व्हावा. मग पुष्पवृष्टी होते, पाळणा हलतो, स्त्रिया पाळणा गातात आणि सुंठवड्याचा प्रसाद हातावर पडतो.

अलीकडे या सोहळ्याला आणखी एक जोड मिळाली आहे. त्याच सकाळी घरोघरच्या मोबाइलवर घरच्याच माणसांनी गायिलेली स्तोत्रे आणि भजने येऊ लागतात. कुणा सूनबाईंनी स्वयंपाकघराचे दार लोटून हनुमान चालिसा गायिलेली असते, तर कुणा निवृत्त गुरुजींनी भीमसेन जोशींच्या चालीवर अभंग म्हटलेला असतो. प्रसिद्ध गायकाचे गीत आपल्या आवाजात गाऊन चार लोकांना ऐकवायचे, याला नवी पिढी ‘कव्हर साँग’ म्हणते. शब्द परका असला तरी गोष्ट परकी आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही.

दुसऱ्याचे गाणे आपल्या मुखाने गाणे हा तर आपल्या भक्तिमार्गाचा पायाच आहे. तुकोबांचा अभंग तुकोबांपाशीच राहिला असता, तर तो आपल्या देवघरापर्यंत पोहोचला असता काय? टाळकऱ्यांनी तो उचलला, भजनी मंडळांनी घोळविला, आयाबायांनी घरकाम करता करता आळविला. आमच्या संतांनी या देवघेवीची एक सुंदर व्यवस्थाही करून ठेवली आहे. रचनेच्या शेवटी नामा, तुका, रामदास अशी कवीची नाममुद्रा असते. अभंग कुणीही, कुठेही गावा. शेवटच्या चरणाशी येताच मूळ कर्त्याचे नाव गाणाऱ्याच्याच मुखातून उच्चारले जाते. ऋण फेडण्याची याहून सोपी रीत दुसरी कोणती असेल?

ध्वनियंत्रांचा काळ आला तरी ही परंपरा खंडित झाली नाही. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत आणि एकूण ५६ गीते. रेडिओला कान लावून लोकांनी ती गीते वह्यांत उतरवून घेतली आणि पेटीवर बसविली. पुढे कित्येक रामनवम्या, कित्येक गणेशोत्सव हौशी गायकांच्या मुखांतील गीतरामायणाने गाजले. त्यांत कुणी नामवंत नव्हते. पण रामकथा घराघरांत नांदती ठेवण्यात त्या हौशी कंठांचा वाटा थोडाथोडका नाही.

त्यानंतर १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या. गाजलेली गाणी दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेऊन कमी किमतीत विकण्याचा मोठा व्यापार याच काळात उभा राहिला. गुलशन कुमार यांची टी-सीरिज त्यात अग्रेसर होती. तिकडे जपानमध्ये १९७१ साली दाइसुके इनोऊए या वादकाने नुसत्या वाद्यसंगीतावर हौशी लोकांनी गावे म्हणून एक यंत्र तयार केले होते. तेच कराओके. या जपानी शब्दाचा अर्थ ‘रिकामा वाद्यवृंद’. गायकाची जागा मोकळी ठेवायची आणि ती ज्याने त्याने भरायची! आज ते यंत्र मोबाइलमध्ये येऊन बसले आहे. २०१६नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि नांदुऱ्याच्या एखाद्या माजघरातले गाणे क्षणार्धात पुण्याला किंवा परदेशी गेलेल्या लेकीच्या कानी पडू लागले.

येथवर सारे आनंदाचेच. पण या आनंदात एक हानी नकळत होत आहे, आणि ती आम्हांस आमच्याच घरी उमगली.

आमची नात हनुमान चालिसा फार गोड म्हणते. हरिहरन यांनी गायिलेली चालिसा २०११ साली यूट्यूबवर आली आणि पुढे ती तीनशे कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. नातीने तीच चाल, त्याच हरकती, श्वास घेण्याच्या त्याच जागा मन लावून उचललेल्या. गेल्या वर्षी हनुमान जयंती जवळ आली तशी ती म्हणाली, “आजोबा, पणजी मारुतीचा पाळणा म्हणायची ना? यंदा मी तो म्हणते. चाल सांगा.”

आम्ही तोंड उघडले आणि थबकलो. आमच्या मातोश्री दर चैत्री पौर्णिमेला तो पाळणा म्हणत. बालपणी तो आम्ही अर्धवट झोपेत ऐकला, तरुणपणी घाईत ऐकला आणि पुढे गृहीत धरला. घरात टेपरेकॉर्डर होता. कोऱ्या कॅसेटही होत्या. त्यांवर आम्ही रेडिओवरची नाट्यगीते भरून घेतली; आईचा पाळणा मात्र कधी भरून घेतला नाही. मातोश्री गेल्या. त्यांच्या वहीत शब्द तेवढे राहिले, तेही सारे नाहीत. चाल गळ्यात होती, ती गळ्याबरोबर गेली.

नात हिरमुसली. तेव्हा आठवण झाली ती आमच्या थोरल्या आत्याबाईंची. वय नव्वदीच्या घरात, दृष्टी अधू, पण स्मरण शाबूत. नातीने त्यांच्यापाशी बसून हट्ट धरला. त्या हसून म्हणाल्या, “आता माह्या गयात काय राह्यलं वं, पोरी?” परंतु बोलता बोलता बोटांनी मांडीवर ठेका धरला आणि गाऊही लागल्या. आवाज थरथरत होता, श्वास मध्येच तुटत होता. पण ती चाल ऐकताच आम्ही साठ वर्षे मागे गेलो.

गाणे संपल्यावर आत्याबाई म्हणाल्या, की हा पाळणा नवी नवरी होऊन आलेल्या आमच्या आईला त्यांनीच शिकविला होता. नणंदेने भावजयीला दिलेली ती देणगी! म्हणजे ज्याला आम्ही आजवर ‘आईची चाल’ म्हणत होतो, तेही एक कव्हरच होते. आईने त्यात दोन जागा स्वतःच्या घातल्या होत्या. त्या मात्र आत्याबाईंच्या गाण्यात नव्हत्या, आणि आता कुठेच नाहीत.

वाचकहो, हीच ती हानी. एकच ध्वनिमुद्रण सर्वांच्या कानी पडते, तेव्हा सर्वांचे गाणे त्याच साच्यात उतरू लागते. गावोगावच्या भजनी मंडळांच्या जुन्या चाली, जात्यावरच्या ओव्यांचे सूर, आपल्या वऱ्हाडातील भुलाबाईची गाणी, कुळाचाराच्या आरत्यांचे निरनिराळे ठेके हे सारे हळूहळू विरत चालले आहे. यात दोष त्या थोर गायकांचा नाही, यंत्राचाही नाही. नातीच्या हातातले जे यंत्र चालिसेची तीच चाल हजारदा ऐकविते, तेच आत्याबाईंचा पाळणा कायमचा जपूनही ठेवते. त्याच्यापुढे कुणाला बसवावयाचे, हे आपण ठरवावयाचे आहे.

हे कार्य कठीण नाही. चैत्रातील आमच्या बुलढाण्याच्या उन्हात पंख्यावाचून बसवत नाही, आणि पंख्याची घरघर तर ध्वनिमुद्रणात प्रथम उतरते. म्हणून पहाटेची वेळ धरावी. मोबाइल तोंडापासून हातभर अंतरावर, उशीवर किंवा घडी घातलेल्या चादरीवर ठेवावा आणि मध्येच फोन येणार नाही अशी व्यवस्था करावी. तयार कराओकेची पट्टी बहुधा मूळ गायकाची असते. पुरुषाच्या पट्टीत बायकांनी ओढाताण करू नये. मंडळातला पेटीवाला गाणाऱ्याचा गळा पाहून पट्टी बदलतो, तशी ती मोबाइलमध्येही बदलता येते. वडीलधाऱ्यांना मात्र कराओके नकोच. त्यांना टाळ द्यावा आणि मनसोक्त गाऊ द्यावे.

कायद्याचीही थोडी जाण असावी. संतांचे शब्द साऱ्यांचे आहेत. आधुनिक कवी-संगीतकारांच्या कृतींवर मात्र त्यांच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क असतो आणि ध्वनिमुद्रणावर ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे. देवळातील धार्मिक विधीत गाण्यास १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याने सूट दिली आहे. परंतु तेच गाणे ध्वनिमुद्रित करून जगासमोर ठेवणे ही वेगळी गोष्ट होय. निदान मूळ कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे आवर्जून लिहावीत. नाममुद्रेची आपली जुनी चाल तरी दुसरे काय सांगते?

आणि शेवटचे सावधपण मनाचे. किती जणांनी ऐकले, किती जणांनी अंगठा उंचावला, याचा हिशेब गाणाऱ्याच्या मनात शिरला की भजनातला देव हळूच उठून जातो. कीर्तनकार नारदाची गोष्ट सांगतात. नारदास आपल्या गायनाचा गर्व झाला. तेव्हा हनुमंताने असे गायिले की खाली असलेला पाषाण विरघळला. नारदाने त्यावर ठेवलेली वीणा, गाणे थांबून पाषाण पुन्हा घट्ट होताच, त्यातच रुतून बसली. नारदाच्या गाण्याने काही तो द्रवेना. अखेर हनुमंतासच पुन्हा गाण्याची विनवणी करावी लागली. ज्या संगीतशास्त्रात ‘हनुमन्मत’ नावाचा एक स्वतंत्र पक्ष सांगितला आहे, त्या शास्त्राच्या या दैवताने आपले गाणे कुणास दाखविण्यासाठी गायिले नाही. ते रामासाठी होते.

आमच्या नातीने आत्याबाईंकडून पाळणा शिकून घेतला आणि जयंतीच्या पहाटे तो आपल्या आवाजात गाऊन नातलगांस पाठविला. शेवटच्या कडव्यातील कवीचे नाव आत्याबाईंनाही आठवले नाही, म्हणून तिने खाली लिहिले, ‘रचना अज्ञात, चाल पणजीच्या नणंदेची.’ फार थोड्या लोकांनी तो ऐकला. पण जळगावची एक चुलतबहीण दुपारी फोन करून म्हणाली, “दादा, काकूच्या पाळण्यात दुसऱ्या ओळीवर एक हेलकावा होता, तो राहिला बघा.” आणि तिने तो फोनवर गाऊन दाखविला. हरवलेल्या दोन जागांपैकी एक घरी परत आली.

यंदाच्या हनुमान जयंतीस सुंठवडा वाटून झाला, की घरातील सर्वांत वडील माणसापाशी क्षणभर बसावे. त्यांना म्हणावे, तुमच्या लहानपणी जे गात होते, ते एकदा म्हणा. त्या चिरंजीवाच्या उत्सवात आपल्या घरची एक चाल चिरंजीव होवो, हीच मारुतिरायाचरणी प्रार्थना.