शेजारधर्माचा नाताळ

डिसेंबर सरत आला की नागपूरची थंडी बोचू लागते आणि सदर भागात नाताळचे आकाशकंदील डोलू लागतात. आपल्या घरांत हा सण होत नसला, तरी त्यामागील कथा आपणांस परकी वाटू नये. गोठ्यातील गव्हाणीत विसावलेल्या बालकाची ती कथा आहे. बंदिशाळेत जन्मून गवळ्यांच्या घरी वाढलेला बाळकृष्ण ज्यांच्या देव्हाऱ्यात आहे, त्यांना तिचे मर्म सहज कळेल. ईश्वर वाड्यात अवतरत नाही, तो गोरगरिबांच्या वस्तीत येतो.

हेच बालक पुढे मोठे झाल्यावर त्याला कोणी विचारले, ‘माझा शेजारी कोण?’ येशूने उत्तरादाखल दृष्टांत सांगितला. वाटमारीत घायाळ झालेल्या माणसाला याजक टाळून गेला. परंतु हीन लेखल्या जाणाऱ्या समाजातील वाटसरूने त्याच्या जखमा बांधल्या. मराठीत ज्याला आपण शेजारधर्म म्हणतो, त्याचीच ही शिकवण.

या शिकवणीने भारलेली माणसे नागपूरने पाहिली आहेत. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली येथे आले. त्यांनी शाळा चालविली, या भूमीतील खडकांचा आणि गोंड समाजाचा अभ्यास केला. १८६३ साली पाण्यात बुडून त्यांना मृत्यू आला. १८८३ साली स्थापन झालेले हिस्लॉप महाविद्यालय त्यांचे नाव आजही सांगते.

शाळा काढावी आणि लोकांनी तेथे यावे, ही सेवेची एक रीत. खचलेल्या वस्तीतच जाऊन बिऱ्हाड थाटावे, ही दुसरी. सॅम्युअल बार्नेट या धर्मगुरूंनी १८८४ साली लंडनच्या दरिद्री भागात ‘टॉयन्बी हॉल’ उभारून तिचा पाया घातला. १८८९ साली जेन अ‍ॅडम्स यांनी ती शिकागोत नेली. त्याच शिकागोच्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली मिशनने नागपाड्यात ‘नेबरहुड हाऊस’ म्हणजे शेजारघर सुरू केले.

नागपाडा म्हणजे दाटीवाटीच्या चाळी आणि लागूनच कामाठीपुरा. हिंदू, मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती असे नाना धर्मांचे कष्टकरी तेथे राहत. शेजारघराने त्यांच्यासाठी वाचन, खेळ, व्याख्याने आणि आरोग्य यांची सोय केली.

येथे आपल्या मनात एक शंका येते, आणि ती अनाठायी नाही. सेवेच्या आडून धर्मांतर तर नव्हे? गांधीजींनी हाच प्रश्न मिशनऱ्यांना वारंवार विचारला होता. नवल असे की, मिशनऱ्यांविषयीचे गांधीजींचे लेखन निवडून १९४९ साली ग्रंथरूपाने ज्यांनी प्रसिद्ध केले, ते संपादक मॅनशार्टच होत. टीका मनात न ठेवता ती आपल्याच बांधवांपुढे ठेवणे, याला श्रद्धेचे बळ लागते.

कळवळा असला तरी तेवढ्याने वस्ती सुधारत नाही, शिकून तयार झालेली माणसेही लागतात. म्हणून सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने १९३६ साली मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा निघाली. १९४४ पासून ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तिचे मूळ त्या शेजारघरात आहे.

हे सारे आपल्याला नवे आहे काय? आपल्याच विदर्भातील गाडगे महाराज दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून मने झाडीत. देव वेगळ्या नावाचा असला, तरी वाट एकच. २००१ साली हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांच्या पायांत फुटबॉल दिला, तेव्हाही वस्तीच्या आत पाऊल टाकले गेले. २०२२ च्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ते कार्य घरोघरी पोहोचले.

नाताळच्या निमित्ताने ख्रिस्ती स्नेह्याला शुभेच्छा अवश्य द्याव्यात. पण त्याबरोबर आपल्या घरामागील वस्तीकडेही एकदा पाहावे. ज्या गल्लीतून आपण रोज पाय उचलून घाईने जातो, तेथे कोणी वाट पाहत असेल. देव्हाऱ्यातील दिव्याची एक वात तिकडेही न्यावी. देव्हारा त्याने अंधारणार नाही.