बरे वाटते म्हणून गोळी सोडू नका

वस्तीत तपासणीला गेलो की आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते, "ताई, आता बरं वाटतंय, म्हणून गोळी सोडली." बीपी आणि शुगरच्या बाबतीत इथेच घात होतो. दाढ दुखली तर झोप लागत नाही, म्हणून आपण दवाखाना गाठतो. वाढलेले बीपी मात्र बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही. आतल्या आत ते मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळे खराब करत राहते. मग एके दिवशी लकवा मारतो. कमावता माणूस अंथरुणाला खिळतो, त्याचे करण्यासाठी बाईची घरकामे सुटतात आणि थोरल्या मुलीची शाळाही.

हे श्रीमंतांचे आजार, असे आता कुणी म्हणू नये. देशातील शंभर मृत्यूंपैकी साठाहून अधिक मृत्यू हृदयविकार, लकवा, कॅन्सर, मधुमेह, जुनाट दमा अशा आजारांनी होतात.

वयाची ३० वर्षे झाली की वर्षातून एकदा बीपी आणि शुगर तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते, गोळ्याही मिळतात. आशाताईंना विचारा. बीपी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, उपाशीपोटी शुगर १२६ किंवा वर असेल, तर डॉक्टरांना भेटा. शुगर १०० ते १२५ असेल तर ती धोक्याची सूचना समजा.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नको. चौघांच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी किमान ५० दिवस पुरली पाहिजे. महिन्यात संपत असेल तर हात आखडा. पापड, लोणचे, सुकटीतले मीठ वेगळेच.

मिसरी हीसुद्धा तंबाखूच आहे, भगिनींनो. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर लगेच दाखवा.

तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर मालिश करत बसू नका. तोंडात पाणीही घालू नका. १०८ ला फोन करा. पहिल्या साडेचार तासांत मोठ्या रुग्णालयात पोचले तर बऱ्याच रुग्णांना उपचाराचा फायदा होतो.

गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. महिन्यातून एका रविवारी विहारात बीपी मोजायची सोय करा आणि प्रत्येकाचा आकडा वहीत लिहून ठेवा. ज्याची गोळी सुटली आहे, तो त्या वहीतून लगेच कळेल.