आंघोळीनंतर कुत्र्याची पाठ का दुखते?

कुत्र्याला व्यावसायिकाकडून आंघोळ घालून घेण्याची, त्याचे केस कापून घेण्याची पद्धत आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावीही लॅब्रेडॉर, पामेरियन, जर्मन शेफर्ड हौसेने पाळले जातात. मात्र स्वच्छ होऊन आलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी अंग खाजवू लागला, की घरची मंडळी गोंधळून जातात.

याचे मूळ त्वचेच्या रचनेत आहे. कुत्र्याच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण ३ ते ५ थर असतात. माणसाच्या त्वचेत ते १० ते १५ असतात. माणसाच्या त्वचेचा सामू साडेपाचच्या आसपास, तर कुत्र्याचा सातच्या आसपास असतो. त्यामुळे माणसांचा साबण वा शाम्पू कुत्र्याला मानवत नाही. तापलेल्या यंत्राचे पाते घासले गेल्यास, केस फार खोलवर कापल्यास किंवा शाम्पू नीट धुतला न गेल्यासही त्वचा लाल होते. असा दाह सौम्य असल्यास बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो.

दुखणे निराळे, उपाय निराळा

याहून गंभीर असा एक विकार आहे. आंघोळीनंतर साधारण एक-दोन दिवसांत कुत्रा मलूल होतो, खाणे सोडतो, पाठीला हात लावताच कण्हतो. केस बाजूला केल्यास पाठीवर पुरळ, रक्ताळलेले फोड वा खपल्या दिसतात. केसांच्या मुळाशी खोलवर झालेला हा जंतुसंसर्ग असतो. बहुतेकदा स्यूडोमोनास नावाचा जीवाणू त्याला कारणीभूत ठरतो. पाणी मिसळून बाटलीत राहू दिलेल्या शाम्पूत तो सहज वाढतो. उलट्या दिशेने जोरात घासले, की केस मुळाशी दुखावतात आणि जंतूंना वाट मिळते.

सुरुवातीला फोड केसांआड दडलेले असतात. त्यामुळे हे दुखणे मणक्याला मार बसल्यासारखे भासते आणि उपचाराला उशीर होतो. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्याहून ताप चढल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे व आंघोळीची तारीख आवर्जून सांगावी. हा जीवाणू अनेक नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही. म्हणून फोडातील द्रवाची प्रयोगशाळेत तपासणी करून औषध ठरवणे हितावह ठरते. उपचार काही आठवडे चालू शकतो. बरे वाटताच औषध थांबवू नये. स्थानिक डॉक्टरांनी सुचविल्यास अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत पुढील तपासणीसाठी जाता येते.

घरी काय टाळावे?

फिनेल, रॉकेल वा माणसांसाठीचे स्टिरॉइडयुक्त मलम लावू नये. कुत्रा ते चाटतो. शिवाय स्टिरॉइडमुळे संसर्ग बळावू शकतो. वेदना कमी व्हाव्यात म्हणून आयबुप्रोफेन देणे तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

आधी विचारावे

शाम्पूत पाणी त्याच वेळी मिसळले जाते का, कंगवे व पाती दर वेळी निर्जंतुक होतात का, हे विचारण्यात संकोच नसावा. घासणे केसांच्या दिशेने, हलक्या हाताने व्हावे; अंग पूर्ण कोरडे करावे. घरी आल्यावर दोन-तीन दिवस रोज पाठीवरून हात फिरवून पाहावा. मुका जीव तक्रार करू शकत नाही. ती हातालाच ओळखावी लागते.